गोळीवाले काका

जव्हारला आम्ही खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझ्या नवऱ्याच्या हातात पाण्याचा काचेचा ग्लास दिला. मग सदऱ्याच्या खिशातून बोटाच्या पेराएवढी एक तपकिरी, तुकतुकीत कांडी काढली आणि त्या ग्लासात टाकली. कांडी तळाला गेली. घरमालक गुडघ्यांवर हात टेकून ग्लासाकडे टक लावून बसले.

आम्ही नाशिकहून मोखाड्यावरून एसटीनं आलो होतो. घाटातल्या वळणांनी नवऱ्याला गाडी लागली होती. त्याला वाटलं, अशा माणसाला द्यायचं हे इकडचं एखादं झाडपाल्याचं औषध असणार. कांडी फुगायला लागली, फुटली, पाण्यात भुगा पसरला. त्यानं डोळे मिटले आणि अर्धा ग्लास घशाखाली उतरवला.

"प्यायलात?" घरमालक उभेच राहिले. "अहो साहेब, परीक्षा चालली होती!"

"कुणाची?" ओठांवरचा भुसा पुसत नवरा म्हणाला.

"गोळीची! बुडते का, कशी फुटते, ते बघायचं असतं. बुडली म्हणजे घट्ट दाबलेली. पटकन विरघळली म्हणजे आत डिंक नाय, निव्वळ लाकूड." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "चवीला कशी लागली?"

आतून त्यांची बायको दुसरा ग्लास घेऊन आली. "हे घ्या चांगलं पाणी," ती म्हणाली. "आणि ह्या घरात राहायचं असेल तर ह्यांच्या हातचं काही घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

काकूंच्या त्या बोलण्यावर भाळून आम्ही खोली घेतली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि नवऱ्याचं ऑफिस मोखाड्याला होतं. तो रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचा. आमचं लग्न नवं होतं आणि घरमालकांची गोळी आमच्या लग्नापेक्षा थोडीच जुनी होती.

काका मूळचे साखरशेतचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरी सगळी लाकडाच्या डेपोत कारकून म्हणून झाली. ओंडके यायचे, मोजले जायचे, ट्रकवर चढून निघून जायचे. ते म्हणायचे, "लाकूड मुंबईला गेलं, नाशिकला गेलं, परदेशात पण गेलं असंल. भुसा मात्र इथंच राहिला. त्याला कुणी विचारलं नाय." लाकूड कापायच्या गिरणीमागे भुशाचे ढीग पडायचे आणि पावसाळ्यात कुजून जायचे. निवृत्त झाल्यावर काकांनी ठरवलं की आता आपण भुशाला विचारायचं.

त्यांचा एक पुतण्या सिल्वासाला जनावरांचं खाद्य करायचा. पेंड, कोंडा, मळी असं एकत्र करून यंत्रात घालायचं आणि दाबून त्याच्या कांड्या काढायच्या. त्या यंत्रात एकदा काकांनी लाकडाचा भुसा घालून बघितला. पुतण्या नको नको म्हणत होता. पण कांड्या निघाल्या, त्या काकांनी पेटवल्या आणि त्यांच्यावर कणीस भाजून खाल्लं. तिथून पुढे माणूस हातात राहिला नाही. जव्हारला आंब्याच्या फळ्यांचे खोके बनवणारी गिरणी होती. तिथला कोरडा भुसा पोत्यांत भरून टेम्पोनं सिल्वासाला जायचा आणि गोळी होऊन परत यायचा. गावातल्या लोकांनी त्यांचं नाव 'गोळीवाले काका' पाडलं. नवीन आलेल्या माणसाला ते ऐकून उगाच भीती वाटायची.

आता गोळीचं एक आहे. ती कोरडी असेल तर दगडासारखी, आणि ओल लागली की पुन्हा भुसा. आणि जव्हारचा पाऊस म्हणजे भिंतीला घाम, उशीला बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. त्यात माल सांभाळायचा म्हणून काकांनी घरातली सगळ्यात कोरडी खोली गोळीला देऊन टाकली होती. मधली खोली, चुलीच्या भिंतीला लागून असलेली. तिथं विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती, आणि पोती भिंतीपासून हातभर लांब. "भिंत स्वतः पाणी पिते आन् शेजाऱ्याला पाजते," असं त्यांचं म्हणणं. त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, ओल्या पायानं जायचं नाही, ओले केस घेऊन तर नाहीच. काकू न्हाऊन आल्या की त्या दारावरून जातानासुद्धा काका दार लोटून घ्यायचे.

"लग्नात मला एवढं कुणी जपलं नाही," काकू म्हणायच्या.

आम्हाला मिळाली मागची खोली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या भिंतीवर हिरवं शेवाळ चढलं. आम्ही तक्रार केली तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "बाई, ओल पाहुण्यासारखी येते आन् भाडेकरूसारखी राहते." आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी आम्हाला भाजलेली रताळी आणून दिली.

गोळी पारखण्याची त्यांची तऱ्हा सोनारासारखी होती. आधी उजेडात धरून चमक बघायची. मग नखानं ओरखडायची. मग कानाशी नेऊन मोडायची. 'टक्' असा आवाज आला तर पास. आवाज न होता वाकून तुटली तर नापास. मग तुटलेल्या तोंडाचा वास घ्यायचा. गोणी आली की आधी तिच्या तळाशी हात घालून भुगा किती निघतो ते बघायचं. फार निघाला तर वाटेत आपटली तरी, नाहीतर मुळात कच्ची. तो भुगा काकूंच्या पिठाच्या चाळणीनं चाळायचे. काकूंनी चाळणी लपवली, तर दुसऱ्या दिवशी काकांनी नवी आणली, आणि ती पण पिठाच्या डब्याशेजारीच टांगली.

गोळ्या त्यांच्या खिशात कायम असायच्या. दुसरी माणसं तंबाखू काढतात तसे ते गोळी काढायचे. लग्नकार्यात, बाजारात, एसटी स्टँडवर कुणी बरं माणूस भेटलं की त्याच्या कानाशी गोळी मोडायची. "काय ऐकलंत?" समोरचा बिचारा म्हणायचा, "टक्." काका खूश. आमचे मुख्याध्यापक जरा कमी ऐकायचे. त्यांच्या कानाशी एकामागून एक मूठभर गोळ्या मोडून झाल्या, तेव्हा कुठे ते "हां हां" म्हणाले. ते ऐकून म्हणाले की कंटाळून, ते समजलं नाही.

पण एक सांगायला हवं. पाऊस सरला की अंगणात त्यांची भट्टी लागायची, आणि त्या दिवशी त्यांची सगळी थट्टा आम्ही विसरायचो. अर्धं कापलेलं लोखंडी पिंप, वर जाळी, आणि खाली भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात गोळी. ज्योत नाही, धुराचा लोट नाही. निळसर, बारीक, आंब्याच्या लाकडाचा वास असलेला धूर कोंबडीभोवती रेंगाळत राहायचा. वांगी, कणसं, कंद, गावठी कोंबडी, जे असेल ते. सागाचा भुसा ते घेत नसत, वास कडू येतो म्हणून. प्लायवूडचा तर दारातही उभा करत नसत. "लाकूड खोटं बोलत नाय. भुसा बोलतो," ते म्हणायचे. "त्यात रंग हाय का, डिंक हाय का, कळणार कसं? म्हणून पारखायला पायजे."

ह्या पारखीवर त्यांचा इतका विश्वास होता, की एकदा ती चांगलीच अंगाशी आली.

त्या हिवाळ्यात त्यांना दणदणीत पडसं झालं होतं. त्यातच टेम्पोतून नवी गोणी आली. काकांनी गोळी उजेडात धरली, चमक पहिल्या नंबरची. मोडली, टक्. वास घेतला, म्हणजे घेतल्यासारखं केलं, कारण नाक बंद होतं. "आजवरचा सगळ्यात चांगला माल," त्यांनी जाहीर केलं आणि भट्टी पेटवली. कोंबडी जाळीवर चढली. थोड्या वेळानं माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे बघितलं. वास येत होता तो जळक्या पेंडीचा आणि करपलेल्या गुळाचा.

"काका, हा वास..." नवरा म्हणाला.

"आंबा," काका डोळे मिटून म्हणाले. "जुना आंबा. गोडवा बघा."

तेवढ्यात कुंपणाशी मोठा आवाज झाला. शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून, फाटक ढकलून अंगणात शिरली आणि सरळ उघड्या गोणीत तोंड घालून उभी राहिली. शेजारी मागून धावत आले. त्यांनी गोणीत हात घातला, कांडी तोंडात टाकली, चावली आणि म्हणाले, "काका, हे तर खाद्य हाय. आमच्याकडं हेच असतं."

पुतण्याच्या माणसानं चुकून गोणी बदलली होती. कुणाला हसू आवरेना. काकू पदर तोंडाशी धरून पायरीवर बसल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "आलं शेवटी एक गिऱ्हाईक, ते पण चार पायांचं."

काकांनी म्हशीकडे बघितलं. मग शिंकले. मग कोंबडीचा तुकडा तोडून तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि म्हणाले, "दाबलीय मात्र चांगली." पुढे कित्येक दिवस त्यांनी गोळीचं नाव काढलं नाही. मला त्यांची दया आली. ते इतके गप्प बसलेले घरात कुणालाच चालत नव्हतं, काकूंना तर मुळीच नाही. शेवटी त्यांनीच एक गोळी काकांच्या कानाशी नेऊन मोडली आणि विचारलं, "काय ऐकलंत?" तेव्हा काकांचं गाडं पुन्हा रुळावर आलं.

आणि नेमकं त्यानंतर खरं गिऱ्हाईक आलं. म्हणजे येणार, असा निरोप आला. नाशिकच्या एका हॉटेलवाल्यानं कुणाकडून तरी काकांबद्दल ऐकलं होतं. त्याला कोंबडी भाजायला धूर न होणारं जळण हवं होतं. पावसाळा संपला की येतो, माल दाखवा, भाजून खाऊ घाला, पसंत पडलं तर पुढे नेहमीचं बोलू, असं त्यानं कळवलं. काका त्या उन्हाळ्यात बदललेच. गिरणीत स्वतः उभे राहून त्यांनी आंब्याचा भुसा भरून घेतला. सिल्वासाला टेम्पोबरोबर स्वतः गेले आणि आले. मधली खोली छतापर्यंत भरली. आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा कुणी माणूस त्यांच्या गोळीला विचारणार होता.

माझे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नाशिकला जायची होते. पण पाऊस असा लागला की घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. आज सुटेल, उद्या सुटेल, असं करता करता मुलगीच आधी आली. जव्हारच्याच सरकारी दवाखान्यात. नवरा त्या वेळी पुराच्या पाण्यामुळे मोखाड्याला अडकलेला. दवाखान्यात माझ्यापाशी होत्या काकू, आणि बाहेर बाकावर काका, खिशातल्या सगळ्या गोळ्या मोडून संपवत.

मुलीला घेऊन मी मागच्या खोलीत आले आणि दुसऱ्याच दिवशी मला रडू यायला लागलं. लंगोट वाळेनात. दोरीवर टाकलेला कपडा संध्याकाळी काढावा तर सकाळपेक्षा जास्त ओला. बाळाचं अंग लाल झालं, मग ती खोकायला लागली. डॉक्टरांनी बाकी काही सांगितलं नाही, "कोरडं ठेवा" एवढंच म्हणाले. कोरडं! त्या दिवसांत जव्हारात कोरडं असं काय होतं?

त्या दिवशी काका बाळाला बघायला आमच्या खोलीत आले. भाड्यानं दिल्यापासून ते कधी आत आले नव्हते. बाळ खोकलं. ते बाळाजवळ गेलेच नाहीत, भिंतीशी गेले. तळवा भिंतीवर टेकवला, थोडा वेळ ठेवला, मग नाकाशी नेला. आणि तसेच निघून गेले. मला राग आला. म्हटलं, पोर खोकतंय आणि हा माणूस भिंती हुंगतोय.

थोड्या वेळानं मधल्या खोलीतून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज येऊ लागला. मी दारातून डोकावले. काका आणि नुकताच पोचलेला माझा नवरा पोती बाहेर काढत होते.

"काका, हे काय?"

"खोली रिकामी करतोय. तुम्ही बाळाला घेऊन इकडं या."

"आणि माल? ओटीवर ठेवला तर दोन दिवसांत भुसा होईल त्याचा. तो हॉटेलवाला येणार आहे ना!"

"माल माझा हाय ना, बाई?" ते फळी उचलत म्हणाले. "मग त्याचं मी बघीन. तुम्ही पायाखाली बघा, ओलं हाय."

मी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला. काकू तेलाचे मोठाले डबे रिकामे करत होत्या. डब्यातली नाचणी हंड्यात गेली, वाल उशीच्या अभ्र्यांत, तांदूळ माझ्या लग्नातल्या ट्रंकेत. एकेक डबा पुसून, चुलीवर उलटा धरून गरम करून त्या काकांसमोर आपटत होत्या. "भरा ह्यात. झाकण घट्ट लावा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघताय? मी काही तुमच्या गोळीसाठी करत नाही. घरात भुशाचा चिखल नको मला."

डब्यांत बसला तेवढा माल बसला. उरलेली पोती ओटीवर राहिली आणि त्यांना ओल धरायला लागली. मग काकांनी पडवीत त्यांचा भोकांचा डबा मांडला, गोळी पेटवली, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उलटं ठेवलं आणि डालग्यावर माझ्या मुलीचे लंगोट पसरले.

त्यांनी ते काम भट्टीच्याच गांभीर्यानं केलं. ओल धरलेलं आधी जाळायचं, डब्यातलं नंतर. विस्तव सारखा हवा, ज्योत दिसता कामा नये. शेजारचे एकजण म्हणाले, "काका, लंगोटाला एवढा आंबा कशाला? साधं ऐनाचं लाकूड लावा की." काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते परत त्या वाटेनं आले नाहीत. वाळलेला लंगोट काका गालाला लावून बघायचे, मग ओठांना. "अजून जरा ओल हाय," म्हणून परत टाकायचे. काकू ओरडायच्या, "अहो, वाळला तो, करपेल आता!" शेवटी पास झालेला लंगोट घडी घालून, दार वाजवून, माझ्या हातात द्यायचे. आत कधी यायचे नाहीत. पाय ओले असायचे म्हणून.

मुलीचा खोकला हळूहळू गेला. अंग निवळलं. कोरड्या खोलीत, आंब्याच्या धुराचा पुसट वास असलेल्या मऊ कपड्यांत ती अशी झोपायची की तिला दूध पाजायला उठवावं लागायचं. पाऊस मात्र हटला नाही. ओटीवरची पोती संपली. मग काकूंचे डबे एकेक करून उघडले गेले. डबा उघडताना काकांचा चेहरा मी बघायची. एकदा म्हटलंही, "काका, आता राहू द्या. थोडा तरी माल नमुन्याला ठेवा." ते म्हणाले, "नमुना ठेवून काय करू? ही रोज भिजवते ना?"

रस्ता सुटला, आई आली, बारसं झालं. गणपती गेले, नवरात्र गेलं, भातं पिवळी झाली. आणि एके दिवशी सकाळी दारात जीप थांबली. हॉटेलवाला खरोखरच आला होता. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात साखळी, बोलायला एकदम मोकळा. काकूंनी चहा केला. मी मुलीला मांडीवर घेऊन ओटीवर बसले होते.

"हां, काका, दाखवा तुमचा माल," तो म्हणाला.

"संपला," काका म्हणाले.

"संपला? सगळा? कुणी नेला?"

काकांनी माझ्या मांडीकडे बोट केलं. "हिनं जाळला."

हॉटेलवाला हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. "बरं, मग नवा कधी येईल? आणि माल चालतो कसा, ते तरी सांगा. धूर होतो का? विस्तव किती टिकतो?"

इथे काकू स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवायला लागल्या, नको नको म्हणून. मीही काकांकडे डोळे मोठे करून बघितलं. पण काका आता रंगात आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न मनापासून विचारला होता.

"धूर नाय. राख चिमूटभर. विस्तव दिवसभर सारखा," ते पुढे सरकून म्हणाले. "अख्खा पावसाळा लंगोट वाळवले त्याच्यावर! गुवा-मुताचे! एकपण ओला राहिला नाय. वास म्हणाल तर आंब्याचा, दुसरा कसला नाय. हवं तर हुंगून बघा." आणि त्यांनी खरोखरच दोरीवरचा एक लंगोट ओढून त्याच्यापुढे धरला.

हॉटेलवाल्याच्या डोळ्यांपुढे त्याची कोंबडी आली असावी. तो जरा मागे सरला, चहा तसाच ठेवला, "बघू, कळवतो" म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला. जीप वळणावरून दिसेनाशी झाली, तसा काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आयुष्यात एक गिऱ्हाईक आलं! एक! कणसं सांगा, वांगी सांगा, त्या कोंबड्या सांगा! त्या माणसाला लंगोटाचं सांगायची काय गरज होती?"

काकांनी गोंधळून त्यांच्याकडे बघितलं. हातात अजून लंगोट होता. "मग काय सांगू?" ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा मोठी परीक्षा कधी झाली का गोळीची?"

काकू माझ्यापाशी आल्या. माझ्या मांडीवरून मुलीला उचललं, खांद्याला लावलं आणि आत जाता जाता तिला म्हणाल्या, "तुझ्यापायी गिऱ्हाईक गेलं गं बाई. आता तूच मोठी हो आणि ह्यांच्यासाठी एक हॉटेल काढ."

"काढील की," काका मागून म्हणाले. लंगोटाची घडी घालत, अगदी मनापासून. "पण जळण कुठलं वापरणार, ते आत्ताच विचारून घे."